कंपनीत नवा बिझनेस काढताय? या चुका टाळा, निदान पहिली तरी

जुन्या, चालत्या कंपन्यांना नवा धंदा उभा करून द्यायचा, हे माझं काम. आणि खरं सांगू का, गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडलेली प्रोजेक्टं मी कमी पाहिलीत, बाकीच्यांचा गळा घरच्याच परचेस, अकाउंट्स आणि एचआरने दाबलेला.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे अर्धा माणूस. प्लांटमधला सगळ्यात भारी माणूस उचलायचा आणि म्हणायचं, "हे पण बघ जरा." चाकणला एक प्रेस पार्ट्सवाले होते, त्यांना ईव्ही चार्जर काढायचा होता. धाकट्या मालकांनी प्लांट हेडलाच प्रोजेक्ट दिला. माणूस एक नंबर, पण २५ तारखेनंतर फोन उचलायचा नाही कारण डिस्पॅच, मग पहिले पाच दिवस क्लोजिंग आणि रिव्ह्यू, मधेच कस्टमरचं ऑडिट, म्हणजे महिन्यात धड आठ दिवस हातात. मी आपला दर सोमवारी हिरवा-पिवळा-लाल ट्रॅकर पाठवतोय, कोणी उघडतही नाही. तीन महिन्यांनी कळलं की ज्या हाउसिंग सोसायट्यांना चार्जर विकायचाय त्यातल्या एकाही सेक्रेटरीला कोणी भेटलेलंच नाही! यात चूक माझीपण, एक्सेल रंगवत बसण्यापेक्षा पिंपळे सौदागरला चार सोसायट्या फिरलो असतो तर बरं झालं असतं. आता पूर्णवेळ माणसाचं नाव आणि त्याच्या जुन्या खुर्चीत कोण बसणार त्याचं नाव, दोन्ही लेखी आल्याशिवाय मी किकऑफ घेत नाही. यावरून एक क्लायंट गेला. जाऊ दे.

नवीन पोरं मेसेज करतात, "सर, गँट चार्टचं टेम्प्लेट पाठवा ना." म्हणजे कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार याचा पट्ट्या-पट्ट्यांचा तक्ता. नाही पाठवत. धंदा चालेल की नाही हेच माहीत नसताना १८ महिन्यांचा चार्ट काय करायचाय? साधी वही घ्या, कुठला अंदाज, तो कसा तपासणार, कधीपर्यंत, किती पैशात. बास.

घाई मालकांनाही असते, सहा महिन्यांत ब्रेकईव्हन, म्हणजे खर्चाएवढी कमाई, पाहिजे. टायटनने नव्वदच्या दशकात तनिष्क काढलं तेव्हा सुरुवात १८ कॅरेटवर होती आणि आपल्याकडे बायकांना २२ हवं होतं, तोटा काही वर्षं सोसला, मग २२ आलं, दुकानात सोन्याची शुद्धता मोजणारे कॅरटमीटर आले. एवढा दम नसेल तर एफडी करा.

पहिल्याच महिन्यात नव्या धंद्याच्या खात्यावर कंपनीच्या कँटीन आणि सिक्युरिटीच्या खर्चाचा वाटा टाकू नका. कमिटीत पाचच्या वर माणसं नकोत. लोगो छापायच्या आधी ट्रेडमार्क सर्च करा. मेमोरँडमचा ऑब्जेक्ट क्लॉज, म्हणजे कंपनी कुठले धंदे करू शकते ते लिहिलेलं कलम, सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) आधीच दाखवा, बदलायचा झाला तर स्पेशल रेझोल्यूशन, म्हणजे भागधारकांचा खास ठराव, लागतो.

आणि दुसरी मोठी चूक, नव्या धंद्याला जुन्याचे नियम. ताजवाल्यांनी बजेट हॉटेल काढलं, २००४ मध्ये बेंगळुरूला, तेच पुढे जिंजर झालं, तर त्यासाठी रूट्स कॉर्पोरेशन ही कंपनीच वेगळी ठेवली. तुम्हाला वेगळी कंपनी लागेलच असं नाही, पण प्रोजेक्ट हेडला ५० हजारांपर्यंत स्वतःच्या सहीने खर्च करता आला पाहिजे, यावर मी आता अडूनच बसतो.

कारण तेच चार्जरवाले. ३८ हजारांची सँपल पीसीबीची (चार्जरच्या सर्किट बोर्डांची) ऑर्डर, त्याला परचेसने तीन कोटेशन, व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म, आयएसओ सर्टिफिकेट आणि वर ९० दिवसांचं क्रेडिट मागितलं. एमएसएमई कायद्यात तर छोट्या सप्लायरला, करार असला तरी, ४५ दिवसांपुढे थांबवता येत नाही. भोसरीत दोन गाळ्यांत काम करणारा तो माणूस म्हणाला, "साहेब, कंपनी मोठी आहे, पण माझ्या पोरांचा पगार १० तारखेला असतो." सात आठवडे असेच गेले. शेवटी ॲडव्हान्स मी खिशातून दिला, तेव्हा कुठे बोर्ड आले. ते पैसे कंपनीकडून मला परत मिळाले बरोबर ९० दिवसांनी, कारण त्यांच्या सिस्टिमला मीपण व्हेंडरच.