मॉन्टेव्हर्देमध्ये एका दिवसात बर्डिंग कसं करायचं

कोस्टा रिकाचं मॉन्टेव्हर्दे क्लाउड फॉरेस्ट रिझर्व्ह (सतत ढग-धुक्यात असणारं राखीव जंगल) एका दिवसात बघणार असाल तर सगळे ट्रेल पालथे घालायचा विचार सोडून द्या, जितकं जास्त चालाल तितके पक्षी कमी दिसतात. मार्च ते मे बेस्ट, तेव्हा क्वेत्झालची, म्हणजे इथल्या प्रसिद्ध हिरव्या-लाल पक्ष्याची, वीण चालू असते. सकाळी गेट उघडायच्या वेळेलाच हजर राहा आणि पहिले दोन-तीन तास लोकल गाइड घ्याच, कारण या आठवड्यात कुठल्या झाडाला फळं आलीत हे त्यालाच माहीत असतं.

क्वेत्झालला हवं असतं अग्वाकातियो, म्हणजे रानटी अवोकाडोचं छोटं फळ. ते तो अख्खं गिळतो, गर पचला की मोठी बी तोंडातून बाहेर टाकतो आणि मग बराच वेळ त्याच फांदीवर नुसता बसून राहतो, त्यामुळे झाडाखाली ताज्या स्वच्छ बिया पडलेल्या दिसल्या की तिथेच थांबा आणि हळूहळू वर बघा. हिरवी पाठ आपल्याकडे असेल तर पानांत अजिबात कळत नाही, वळला की लाल पोट दिसतं.

बाकी वेळ कान उघडे. अर्धा तास चिटपाखरू नसतं आणि अचानक मिक्स फ्लॉक, म्हणजे वेगवेगळ्या पक्ष्यांचा एकत्र थवा येतो, टॅनेजर, वॉर्बलर असे छोटे पक्षी सगळे एकदम, तेव्हा फोटोच्या नादी न लागता आधी दुर्बिणीतून बघून घ्या. आणि लांबून धातूवर ठोका मारल्यासारखा आवाज आला तर तो बेलबर्ड, पण तो झाडाच्या शेंड्यावर बसतो, शोधताना मान मोडते!

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमीच्या पुढच्या भिंगाची) चांगली, धुक्यात उजेड कमीच असतो. फोटोला मागे पांढरं धुकं आलं की पक्षी काळाठिक्कर येतो, कॅमेऱ्याचं एक्सपोजर (फोटो किती उजळ येतो ते सेटिंग) +१ च्या वर न्या. ड्राय सीझन असला तरी रेनकोट हवाच, वाऱ्याबरोबर बारीक पाऊस येत राहतो आणि थंडी पण वाजते. लेन्स शर्टाने पुसू नका प्लीज, कोरडं मायक्रोफायबर झिपलॉकमध्ये ठेवा.

दुपारी पक्षी शांत होतात, तेव्हा गेटजवळच्या हमिंगबर्ड फीडरपाशी (हमिंगबर्डसाठी टांगलेली साखरपाण्याची भांडी) बसा. जांभळा दांडगा दिसला तर तो व्हायोलेट सेबरविंग, पण खरं लक्ष ठेवा छोट्या कॉपरी-हेडेड एमराल्डवर, तो कोस्टा रिका सोडून कुठेच मिळत नाही.