दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत वायर ओढताय? या चुका टाळा

लग्नसराईत आणि गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत मला येणारे निम्मे फोन एकाच दुखण्याचे असतात. सेट टॉप बॉक्स हॉलमध्ये, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डीव्हीआर जिन्याखाली आणि टीव्ही वरच्या मजल्यावर आईच्या खोलीत. वायर ओढून झालेली असते, झिरी बुजवून भिंतीला रंगही लागलेला असतो, आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’. मग बॉक्सला दोष, टीव्हीला दोष, दुकानदाराला दोष. इतक्या वर्षांत बॉक्स खरोखर बिघडलेला मला फार क्वचित सापडला. दुखणं बहुतेक वेळा वायरीत आणि तिच्या दोन टोकांत असतं, म्हणजे जिथे घाई झालेली असते तिथे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वीस मीटरची साधी एचडीएमआय केबल भिंतीत गाडणं. तांब्याची साधी केबल १०८०पी, म्हणजे फुल एचडी, चित्र दहा मीटरपर्यंत बरं नेते. त्याच्या चौपट बारीक फोर-के चित्राला, सेकंदाला साठ फ्रेम असतील तर, सेकंदाला १८ गिगाबिट लागतात, तिथे पाच मीटरच्या पुढे मी कुणाला शब्द देत नाही. जुन्या अँटेनाच्या जमान्यात सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण माणसं दिसायची. इथे तसं होत नाही. चित्र एक तर स्वच्छ येतं, नाही तर ठिपके चमकतात आणि पडदा काळा होतो. म्हणून जुन्या टीव्हीवर वर्षभर चाललेली केबल नवा फोर-के टीव्ही आणल्या दिवशी दगा देते आणि लोक नव्या टीव्हीला नावं ठेवतात.

त्यात एचडीएमआयचं डोकं २० एमएमच्या पाइपच्या बेंडमधून जात नाही. मग कुणीतरी डोकं कापतं, केबल ओढतं आणि आतल्या केसाएवढ्या तारा पुन्हा जोडायला बसतं. ते करू नका. लांबवर एचडीएमआयच न्यायची असेल तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारी, एचडीएमआय केबल घ्या. पण तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. उलटी ओढली की काहीच दिसत नाही आणि सगळी केबल परत बाहेर काढावी लागते. माझी सवय वेगळी आहे. २५ एमएमचा पाइप, त्यात दोन कॅट-६ वायरी (नेटवर्कची वायर, आत पिळलेल्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा), एक कामाची आणि एक जादा, आणि दोन टोकांना एचडीएमआयचं चित्र या वायरीवरून नेणाऱ्या एक्स्टेंडरच्या डब्या. टोकाचा जॅक वायर ओढून झाल्यावर मारायचा, त्यामुळे बेंडची कटकट उरत नाही.

आता त्या जॅकबद्दल, कारण माझा सगळ्यात मोठा राग तिथे आहे.

एका मंगल कार्यालयाचं काम होतं. मांडव वरच्या हॉलमध्ये, जेवणाचा हॉल खाली. वर दोन कॅमेरे, त्यांची चित्रं एकत्र करणारा एक मिक्सर आणि फोटो दाखवायला लॅपटॉप. खाली मोठा टीव्ही, म्हणजे ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी तिथे बसून लग्न पाहावं. मध्ये साधारण चाळीस मीटर कॅट-६. हाताखालच्या मुलाने जॅक मारले, टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीने लागले. आदल्या दिवशी लॅपटॉप लावून पाहिला तर चित्र आलं. मीही मान हलवली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला खाली स्वयंपाकघरातले मोठे पंखे सुरू झाले, वरून मिक्सरचं १०८०पी चित्र सुटलं आणि टीव्ही दर काही सेकंदांनी काळा पडू लागला. मंगलाष्टकं ऐकू येत होती, दिसत काही नव्हतं. नवरीची आजी चाकाच्या खुर्चीत पुढेच बसली होती, हातात अक्षता घेऊन. ‘सावधान’ ऐकू आलं तसं तिने त्या काळ्या पडद्याकडेच अक्षता टाकल्या. तो क्षण माझ्या मनातून गेलेला नाही.

जॅक काढून उजेडात धरला तेव्हा चूक दिसली. मुलाने जोड्या शेजारी शेजारी लावल्या होत्या: नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, हिरवा, निळा-पांढरा, निळा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दिसायला नीटनेटकं, आणि दोन्ही टोकांना सारखंच. ‘दादा, टेस्टर ओके आहे की’, तो म्हणाला. टेस्टर खोटं बोलत नव्हता. तार इथून तिथे पोचते एवढंच तो सांगतो. पण तीन आणि सहा नंबरच्या पिनांवर एकाच पिळाची जोडी हवी. पीळ असतो म्हणून बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि टोकाला वजा होतो. इथे तीनवर हिरव्या जोडीतली तार होती आणि सहावर निळ्या जोडीतली. वजाबाकी होणार कुठून? लॅपटॉपचं हलकं चित्र कसंबसं निघालं होतं, भार वाढताच कोसळलं.

बरोबर क्रम असा: नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. हिरवी जोडी निळीला कवेत घेते. दोन जॅक पुन्हा मारायला दहा मिनिटं लागली आणि चित्र स्थिर झालं. तोवर पंगत बसली होती. त्या दिवसापासून जॅक कुणीही मारलेला असो, मी तो उजेडात धरून आठही रंग मोठ्याने म्हणतो. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू देत नाही. आणि चाचणी घ्यायची ती खऱ्या यंत्रावर, खऱ्या रिझोल्युशनवर, पंखे-मोटारी चालू ठेवून.

वायर घेताना एक टोक ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत द्या. विजेच्या वायरीच्या पाइपमध्ये ही वायर घालू नका, जागा कितीही दिसली तरी. साधा एक्स्टेंडर राउटरला जोडू नका. तो कॅट-६ फक्त तार म्हणून वापरतो, त्याचा इंटरनेटशी संबंध नाही, आणि त्यातल्या काहींमधून वायरीवरून वीज जाते, राउटरचा पोर्ट जळू शकतो.

एचडीएमआयचा स्विच आणि स्प्लिटर यांत लोक अजून गल्लत करतात. अनेक यंत्रं आणि एक टीव्ही असेल तर स्विच. एक यंत्र आणि अनेक टीव्ही असतील तर स्प्लिटर. स्विच यंत्रांच्या बाजूला ठेवा, म्हणजे वर एकच वायर जाते. त्याचं आपोआप बदलणं बंद करा. डीव्हीआर चोवीस तास चालू, बरेच सेट टॉप बॉक्स बंद दिसले तरी आतून जागे, मग स्विचला कुणाकडे वळायचं ते कळत नाही. स्प्लिटर लावला आणि वरचा टीव्ही जुना असेल, तर बऱ्याचदा हॉलमधलं चित्रही त्याच्या पातळीवर उतरतं, किंवा वर चित्र येतं आणि आवाज गायब होतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज डॉल्बीवरून पीसीएमवर, म्हणजे साध्या आवाजावर, आणा, नव्वद टक्के तक्रार तिथेच मिटते.

डीव्हीआर दिसतो पण सेट टॉप बॉक्स दिसत नाही, वायर तीच? मग वायर उकरू नका. कॅमेऱ्याच्या चित्राला कॉपीची राखण नसते, बॉक्सच्या चित्राला एचडीसीपीचं कुलूप असतं. मधला स्विच जुना असेल तर ते कुलूप त्याला उघडत नाही. स्विच बदला. याउलट फक्त डीव्हीआरच दिसत नसेल, तर बहुतेक वेळा त्याचं रिझोल्युशन टीव्हीच्या ताकदीबाहेर गेलेलं असतं. डीव्हीआरच्या व्हीजीए पोर्टवर, म्हणजे जुन्या मॉनिटरच्या जोडणीवर, साधा मॉनिटर लावून ते खाली आणा. खरं तर टीव्ही स्मार्ट असेल तर डीव्हीआरसाठी वेगळी वायर ओढूच नये, घरच्या नेटवर्कवरून ॲपमध्ये कॅमेरे दिसतात. फक्त कंपनीचा मूळ पासवर्ड आधी बदला.

बंगला आणि मागचं आउटहाउस, किंवा घर आणि रस्त्यापलीकडचं दुकान, अशा दोन इमारतींत तांब्याची वायर टाकू नका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं, आणि वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की पोर्ट जातात. तिथे फायबर, काचेच्या तारेतून वीज जात नाही. डिशची वायरही गडगडाट सुरू होण्याआधीच काढून ठेवावी.

राहिला रिमोट. एक्स्टेंडरबरोबर दोन डोळे येतात. घेणारा डोळा टीव्हीजवळ, फेकणारा बॉक्सच्या समोर. घाईत ते उलटे लागतात आणि मग ‘रिमोट बिघडला’ म्हणून फोन येतो. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्याला हे डोळे उपयोगाचे नाहीत. ती स्टिक सरळ वरच्या टीव्हीलाच लावा.

निघण्याआधी मी स्विचच्या रिमोटवर चिकटपट्टी लावून लिहितो: १ मालिका, २ फाटक, ३ नातवंडांचे फोटो. मग तो घरातल्या आजींच्या हातात देतो आणि त्यांनी तीनही बटणं दाबून दाखवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.