मेपल कुंडीतून काढायच्या आधी

पहिलं म्हणजे बोन्साय मेपलची यंदा मुळं कापायचीत का खोड ते ठरवून टाका, दोन्ही एकदम नको. जपानी मेपलच्या खोडाची जखम भरते ती मुळांच्या आणि पानांच्या जोरावर, आणि मुळंच तोडून ठेवली तर तो जोर येणार कुठून.

मुळांचं काम असेल तर तारीख नाही, फांदीवरचे डोळे बघा, म्हणजे पान फुटायच्या आधीचे कोंब. हिवाळा सरता सरता डोळे फुगतात पण पान उघडलेलं नसतं, तेच दिवस. पान उघडल्यावर मुळं तोडली तर कोवळ्या पालवीला पाणी पुरत नाही, ती मान टाकते. आणि गरज आहे का तेही बघा, पाणी वरच साचून राहतंय, मुळं कुंडीत गच्च झालीत, तरच करा. लहान झाडाला साधारण 2 वर्षांनी, जुन्याला 3 ते 5.

झाड उपसायच्या आधी सगळं हाताशी पाहिजे कारण बारीक मुळं उघड्यावर फार पटकन सुकतात, म्हणजे अकादामा (जपानी दाणेदार चिकणमाती) आणि प्युमिस (हलका सच्छिद्र दगड) यांचं मिश्रण चाळून धूळ काढून तयार, भोकांवर जाळी बसवलेली, झाड बांधायची तार आधीच ओवलेली, मुळं विंचरायला हूक, माती दाबायला चॉपस्टिक, स्प्रेची बाटली आणि ओलं फडकं, हे फडकं विसरूच नका. कात्री 70% अल्कोहोलनं पुसा, मेपलला व्हर्टिसिलियम बुरशी लागते आणि ती अवजारांवरून पसरू शकते. सरळ खाली गेलेलं जाड मूळ आधी कापा, खोडाभोवती पसरलेली मुळं म्हणजे नेबारी, तिला जपा. निरोगी झाडाचा मुळांचा एक तृतीयांश भाग काढला तरी पुष्कळ झालं.

खोडाचं वेगळं. रस चढत असताना मोठा काप घेतला की तो गळतच राहतो, म्हणून मी पहिली पालवी जून होऊ देते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापते, म्हणजे त्याच हंगामात जखमेला कड धरायला लागते. करवत, कॉन्केव्ह कटर (खोलगट काप घेणारा), कट पेस्ट (जखमेवर लावायचा लेप) तयार ठेवा, कुठे कापायचं ते खडूनं आखून घ्या आणि डोळ्याच्या थोडं वरच कापा, कारण मेपल कापाखाली थोडं वाळत जातं. उरलेला खुंट नंतर साफ करता येतो.

मुळं कापलेल्या झाडासाठी वारा आणि दंव लागणार नाही अशी जागा आधीच रिकामी करा, पालवी नीट धरेपर्यंत खताला हात लावू नका.