जुलाबासाठी साखर-मिठाच्या पुड्या आधीच बांधून ठेवा

खान्देशच्या उन्हाळ्यात रात्री-बेरात्री जुलाब लागले, की घाईत साखर-मिठाचं माप हमखास चुकतं. म्हणून चैत्रातच पुड्या बांधा.

१. कोरड्या छोट्या पिशवीत ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा, औषधाबरोबर येतो तो. शीग नको, सुरीच्या पाठीनं सपाट करा. प्रत्येक पुडी वेगळी मोजा. ढीग कालवून वाटला तर एकीत मीठ जास्त जातं.

२. वर ‘१ लिटर’ लिहा, लिटरची रिकामी बाटली शेजारीच ठेवा.

३. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात अख्खी पुडी विरघळवून घोटघोट पाजा. २४ तासांनी उरलेलं फेका.

मीठ वाढवू नका, लहानग्यांना ते घातक. ओआरएसची (जुलाबासाठी तयार मिळणारी क्षार-साखरेची) पुडी असेल तर आधी तीच. मूल मलूल झालं किंवा लघवी थांबली, तर तडक दवाखाना गाठा.