सी ड्राइव्ह भरला? आधी पाणी कुठून आलं ते बघा

नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, वास्तुशांतीची कार्डं, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, जे येईल ते. ऐन लग्नसराईत, समोर गिऱ्हाईक प्रूफ वाचत बसलेलं, कुणाच्या नावापुढे 'कै.' राहिलंय का ते बोट ठेवून शोधतंय, आणि कोरल ड्रॉ फाइल सेव्ह करेना. सी ड्राइव्हवर जागाच नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. डाउनलोड्स उघडलं आणि दिसेल ते उडवत सुटले. पाऊण तासात मोकळे झाले जेमतेम दोन जीबी. त्यात एका काकांनी पाठवलेला त्यांच्या आईचा जुना फोटोही गेला. त्यांनी तो परत पाठवला, पण दोन शब्द ऐकवून. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं म्हणणं, "ताई, फॉरमॅट मारू, नाहीतर मोठी डिस्क घ्या." आत नेमकं काय साठलंय ते त्याने बघितलंही नव्हतं.

पावसाळ्यात आपण नाशिककर पूर कशावर मोजतो? गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. पण ते आलं कुठून हे मारुती सांगत नाही. त्यासाठी गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि होळकर पुलाखालून किती वाहतंय, ते बघावं लागतं. 'धिस पीसी'मधली ती निळी पट्टी म्हणजे दुतोंड्या मारुती. दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की लाल होते, बस. धरण शोधायचं तर पुढे वाचा.

एक शंका आधीच मिटवते. २५६ जीबीची डिस्क घेतली आणि विंडोज २३८ दाखवतं, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज दर टप्प्याला १०२४ ने भागतं. फरक मोजण्याचा आहे, चोरीचा नाही.

पहिली पायरी विंडोजमध्येच आहे. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज. मिनिटभर थांबलं की अ‍ॅप्स, टेम्पररी फाइल्स, डॉक्युमेंट्स असे गट आणि त्यांचे आकडे दिसतात. ढोबळ अंदाजाला पुरेसं. टेम्पररी फाइल्सवर क्लिक केलं की खुणा करायच्या चौकटींची यादी येते, आणि इथे सांभाळा: त्या यादीत डाउनलोड्सचीही चौकट असते. मुळात तिच्यावर खूण नसते, पण आपण उत्साहाने सगळ्याच चौकटी भरतो. आमच्यासारख्यांचा निम्मा धंदा डाउनलोड्समध्ये पडलेला असतो.

माझ्या आकड्यांत 'अदर' नावाचा गट सगळ्यात मोठा निघाला. म्हणजे कळलं काहीच नाही. इथे भाच्याने विनडरस्टॅट टाकून दिलं, कुठली फाइल किती जागा खाते ते दाखवणारं सॉफ्टवेअर. विझट्री नावाचं दुसरं एक आहे, फार झपाट्याने चालतं, कारण ते एकेक फोल्डर उघडत न बसता डिस्कची मूळ नोंदवहीच वाचतं. पण ते फुकट आहे घरगुती वापराला, आणि माझं तर दुकान. विनडरस्टॅट कुणीही वापरावं.

उघडताना उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' घ्या, नाहीतर काही फोल्डर बंद दारासारखे राहतात आणि हिशोब जुळत नाही. सी ड्राइव्ह निवडा आणि चहा सांगा. पॅकमॅनची चित्रं इकडून तिकडे फिरत बसतात, तेवढ्यात चहा येतो. मोजणी झाली की वर फोल्डरांची यादी, सगळ्यात जाड सगळ्यात वर, आणि खाली रंगीत चौकोनांची गोधडी. एक चौकोन म्हणजे एक फाइल, जेवढा मोठा तेवढी वजनदार. आधी गोधडी बघा. सगळ्यात मोठ्या ठिगळावर क्लिक केलं की ती फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते वर उघडतं.

माझ्या गोधडीत दोन ठिगळं राक्षसी होती. नाव 'फोटोशॉप टेम्प' आणि पुढे आकडे. दोन्ही मिळून ४१ जीबी! फोटोशॉप काम करताना स्वतःसाठी डिस्कवर जागा अडवतं आणि नीट बंद केलं की ती सोडतं. पण माझ्या यूपीएसची बॅटरी गेलेली. लाइट गेली की मशीन धाडकन बंद, आणि ती फाइल तिथेच पडून. दहा फुटी फ्लेक्सच्या दोन कामांत दोनदा लाइट गेली असणार. फोटोशॉप बंद करून दोन्ही पुसल्या. मग फोटोशॉपच्या एडिट मेनूतून प्रेफरन्सेसमध्ये जाऊन स्क्रॅच डिस्क, म्हणजे ही अडवायची जागा, म्हणून डी ड्राइव्ह दिला. आणि हो, बॅटरी बदलली. खरा उपाय तोच होता.

नंतर सापडला ३८ जीबीचा एक फोल्डर, 'अ‍ॅपडेटा'च्या पोटात खोल. हा एरवी दिसतही नाही, लपवलेला असतो. निघाला मुलीच्या आयफोनचा बॅकअप. दिवाळीत तिने दुकानात बसून आयट्यून्सला जोडलेला. असला बॅकअप फोल्डरातून ओढून पुसू नका, आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये डिव्हायसेसखाली यादी असते, तिथून काढा. तिला विचारून काढला, नाहीतर घरी वेगळा पूर आला असता.

मग कोरलच्या फाइल्स. प्रत्येक पत्रिकेशेजारी 'बॅकअप ऑफ' असं नाव लागलेली जुळी फाइल. सेव्ह केलं की कोरल आधीची प्रत अशी ठेवतं. एकेक छोटी, पण वर्षानुवर्षांच्या मिळून २३ जीबी. ऑप्शन्समध्ये ही सवय बंद करता येते. मी केलेली नाही. मूळ फाइल बिघडली तेव्हा याच जुळीने एकदा रात्री अकराला माझी अब्रू वाचवली आहे. वर्षाहून जुन्या तेवढ्या शोधून पुसते.

'हायबरफिल' नावाची फाइल सी ड्राइव्हच्या तोंडाशीच बसलेली असते. माझ्या १६ जीबी रॅमच्या मशीनवर ती साधारण साडेसहा जीबी. हायबरनेटसाठी, म्हणजे उघडं काम जसंच्या तसं डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्यासाठी असते आणि हाताने पुसता येत नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' लिहा, जागा सोडा, मग तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) आणि एच, पुन्हा जागा, मग ऑफ. फाइल आपोआप जाते. त्यासोबत फास्ट स्टार्टअपही जातं, मशीन सुरू व्हायला थोडा वेळ घेतं. दुकानात चालतं. लॅपटॉपवर हायबरनेट वापरत असाल तर राहू द्या.

विंडोजच्या फोल्डरात 'विनएसएक्सएस' नावाचं मोठं धूड दिसेल. त्याला हात लावायचा नाही. तिथल्या पुष्कळ फाइल्स विंडोजमध्ये दुसऱ्या नावानेही दिसतात, म्हणून एक्सप्लोररमध्ये एकच वस्तू दोनदा मोजली जाते. फोल्डर दिसतो तेवढा जाड नसतो. त्यातला कचरा डिस्क क्लीनअपमधल्या 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स'ने काढा. विंडोजची नवी आवृत्ती चढवली असेल तर 'विंडोज डॉट ओल्ड'ही तिथूनच जातो. नाही काढला तरी साधारण दहा दिवसांनी विंडोज स्वतः पुसतं, फक्त एकदा गेल्यावर जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही.

एवढं सगळं पुसूनही पट्टी जागची हलली नाही तर रिसायकल बिन रिकामा करा. हसू नका, मी स्वतः पाच मिनिटं पट्टीकडे बघत बसले होते.

आणि सगळंच पुसायचं नसतं. २०१५च्या सिंहस्थात केलेल्या फ्लेक्सचा फोल्डर ११ जीबीचा निघाला. रामकुंडाकडे जायचे बाण, अन्नछत्रांचे फलक, पार्किंगच्या पाट्या. २०२७ साठी त्यातलं बरंच पुन्हा कामाला येणार. तो बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवला, तिकडे दोन-चार फाइल्स उघडून खात्री केली, आणि मगच इथून काढला. त्या डिस्कवर पांढऱ्या चिकटपट्टीवर 'सिंहस्थ' लिहून ती गल्ल्याच्या खणात ठेवली आहे.