डोस कॅल्क्युलेशनमधल्या या चुका टाळा

कॅन्सरच्या रेडिओथेरपीत टीपीएसमध्ये (किरणोपचाराचा प्लॅन आखणाऱ्या संगणक प्रणालीत) ‘कॅल्क्युलेट’ दाबलं, आयसोडोसच्या (सारखा डोस मिळणारे बिंदू जोडणाऱ्या) रंगीत रेषा उमटल्या, की नवशिक्यांना वाटतं काम झालं. आकडा कशातून आला हे बघायला कुणाला सवड नसते.

सर्वांत महागात पडणारी खोड म्हणजे एकच दुरुस्ती दोनदा करणं. इंग्लंडमधल्या एका केंद्रात १९८२ साली संगणकावर प्लॅनिंग सुरू झालं. त्याआधी हाताने हिशोब करताना अंतराची (किरणांच्या उगमापासून रुग्ण किती दूर याची) दुरुस्ती वेगळी लावत. नवा संगणक ती स्वतःच लावत होता, तरी जुनी सवय चालूच राहिली. १९९१ मध्ये दुसरी प्रणाली आली, आकडे जुळेनात, तेव्हा उलगडा झाला. १०४५ रुग्णांच्या हिशोबात चूक निघाली; डोस ५ ते ३० टक्के कमी गेला होता. आकडेमोड करून बघा: आयसोसेंटर (यंत्र ज्या बिंदूभोवती फिरतं तो, उगमापासून १०० सेंमीवर) त्वचेखाली १५ सेंमी खोल, म्हणजे एसएसडी (उगमापासून त्वचेपर्यंतचं अंतर) ८५ सेंमी. ०.८५ चा वर्ग ०.७२. तो एकदा जादा गुणला की २८ टक्के डोस गेला!

म्हणून प्लॅनशीटवर स्वच्छ लिहा: अंतर कुणी धरलं (संगणकाने की हाताने), वेज (बीमला उतार देणारी पाचर) कुणी धरला, ट्रे (बीममध्ये ब्लॉक ठेवायची पट्टी) कुणी धरला. मग एका बिंदूसाठी एमयू (मॉनिटर युनिट, म्हणजे यंत्राने किती किरण सोडायचे त्याचं माप) हाताने काढा, तेही प्लॅनचा आकडा झाकून. आधी बघितला की उत्तर हमखास ‘जुळतं’. फुप्फुसात खोली सेंटिमीटरने मोजू नका, रेडिओलॉजिकल खोली (घनता धरून काढलेली, पाण्याइतकी खोली) घ्या.

फुप्फुसासाठी पेन्सिल बीम (डोस काढायची साधी, झटपट पद्धत) वापरणं हा निव्वळ आळस. फुप्फुसाची घनता पाण्याच्या पाव ते एक तृतीयांश. तिथे इलेक्ट्रॉन बाजूला दूरवर पसरतात, हे त्या पद्धतीला कळतच नाही. गाठीची कड पडद्यावर झाकलेली दिसते, प्रत्यक्षात उपाशी राहते. कोलॅप्स्ड कोन किंवा माँटे कार्लो या जास्त अचूक पद्धती वापरा. पाच मिनिटं जास्त लागली तर लागू द्या.

ग्रिड (डोस ज्या बिंदूंवर काढतात त्यांच्यातलं अंतर) मागच्या प्लॅनमधून ५ मिमीच राहिलेला असतो. नेहमीच्या कामाला २.५, एसबीआरटीला (थोड्या बैठकांत छोट्या गाठीवर मोठा डोस देण्याच्या उपचाराला) १ ते १.५ मिमी.

एचयू-घनता तक्ता (सीटी स्कॅनमधल्या एचयू आकड्यावरून घनता सांगणारा) १२० केव्हीचा (सीटीच्या एक्स-रे नळीचा व्होल्टेज) आणि स्कॅन १०० केव्हीवर? हाड उगाच जड दिसेल.

बारा बिटांच्या सीटीत एचयू ३०७१ वर थांबतो. त्यामुळे शरीरात बसवलेलं टायटॅनियम (४.५ ग्रॅम/घसेंमी) आणि स्टील (सुमारे ८) दोन्ही सारखेच दिसतात. शस्त्रक्रियेच्या नोंदीतून धातू शोधा, घनता हाताने भरा.

मागून येणाऱ्या बीमसाठी काउच (रुग्ण झोपतो ते टेबल) प्लॅनमध्ये जोडलाय ना?

आणि बोलस (त्वचेवर ठेवायचा ऊतीसारखा थर): आखलेला असतो, बीमला जोडलेला नसतो. चित्रात दिसतो, हिशोबात नाही.