बीपीची गोळी अॅमस्टरडॅमला अडकली तेव्हा

बी. फार्म.नंतर मी सार्वजनिक आरोग्याकडे वळले आणि जिनिव्हातल्या एका छोट्या संस्थेत इंटर्न म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठ मॅडमनी कोडं घातलं: "लोसार्टन, बीपीचं औषध. पेटंट भारतात नाही, ब्राझीलमध्येही नाही. तरी भारतातून निघालेला माल ब्राझीलला पोचला नाही. का?" मी म्हटलं, किंमत, नाहीतर दर्जा. दोन्ही चूक. डिसेंबर २००८ मध्ये तो माल वाटेत अॅमस्टरडॅमला कस्टम्सनं अडवला, कारण पेटंट नेदरलँड्समध्ये होतं. शेवटी माल भारतात परत आला. आमच्या बाबांच्या डब्यातली रोजची गोळी ती!

हेल्थ डिप्लोमसीत, म्हणजे आरोग्याच्या प्रश्नांवर देशादेशांत होणाऱ्या वाटाघाटींच्या कामात, यायचं असेल तर आधी हे एक प्रकरण मुळापासून वाचा. मे २०१० मध्ये भारत आणि ब्राझील दोघांनीही जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. मी दोन दिवस निकाल शोधत बसले. निकाल नाहीच! तक्रार जिंकण्यापेक्षा समोरच्याला बोलायला बसवण्यासाठी होती, हे डोक्यात शिरायला वेळ लागला. २०११ मध्ये भारत आणि युरोपीय संघात समझोता झाला: औषध नुसतं युरोपमार्गे चाललंय आणि तिथे पेटंट आहे, एवढ्यावर ते अडवायचं नाही.

दोन्ही देशांच्या हातात एक जुना कागदही होता, जागतिक व्यापार संघटनेचाच, नोव्हेंबर २००१ चा दोहा जाहीरनामा. बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार सार्वजनिक आरोग्याच्या उपायांच्या 'आड येत नाही आणि येऊ नये', असं त्यात म्हटलंय. 'येत नाही' आणि 'येऊ नये', दोन्ही का, यावर आमच्याकडे एक अख्खी दुपार गेली. फार्मसी कॉलेजात असलं कोणी शिकवत नाही.

डिग्री कोणती, हे सगळे विचारतात. कायदा, फार्मसी, अर्थशास्त्र, काहीही चालतं. फ्रेंच आलं तर बरं. ठरावाचा मसुदा वाचता मात्र आलाच पाहिजे: चौकटी कंसातला मजकूर म्हणजे अजून एकमत नाही.

मे महिन्यात जागतिक आरोग्य सभा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांची वार्षिक बैठक, भरते. मसुद्याच्या खोलीत आम्हाला प्रवेश नव्हता, म्हणून मी सभागृहातली भाषणं उतरवून घेतली, चाळीस पानं. संध्याकाळी मॅडमनी वही चाळली आणि विचारलं, "कालच्या मसुद्यातले किती कंस आज सुटले?" मी कालचा मसुदा उघडलाही नव्हता.